पगार किती मिळतो तिकडे?

धाकटी बहीण जहाजावर राहते असं सांगितलं की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला आहे, पगार किती मिळतो तिकडे? मग मी सांगते की पगार नाही ओ, उलट राहण्याजेवणाचे पैसे तेच दर महिन्याला भरतात, तर समोरच्याचा चेहराच बदलतो, त्याला वाटतं यांना कुणीतरी फसवलंय. नातेवाईकांनी विचारून झालं, शेजाऱ्यांनी झालं, आमच्या मंडळीतल्या म्हणजे चर्चमधल्या लोकांनी सुद्धा विचारलं, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकते.

ती नर्स आहे, नवरा इलेक्ट्रिशियन, आधी चिंचोळी एमआयडीसीत कामाला होते. पोरं दोन, भाची मोठी, भाचा लहान. चौघं ग्लोबल मर्सी नावाच्या जहाजावर असतात, आफ्रिकेत सिएरा लिओनच्या फ्रीटाऊन बंदरात. २०२३ पासून या जहाजाचं काम तिथे चालू आहे, मधे मेंटेनन्सपुरतं तेवढं बाहेर जातं. मर्सी शिप्स ही ख्रिस्ती संस्था ते चालवते, आणि ऑपरेशन पूर्ण फुकट, पेशंट कुठल्या धर्माचा हे कुणी विचारत नाही. तिथे मुसलमान लोक जास्त आहेत, तेच जास्त येतात.

हॉस्पिटल जहाजावर कशाला, जमिनीवर बांधा की, असंही लोक म्हणतात. ते पण लागतंच, पण बंदराला जहाज लागलं की स्वतःची वीज, स्वतःचं पाणी, लॅब, सीटी स्कॅन, ऑपरेशन थिएटर सगळं एकदमच येतं. आपल्याकडे १९९१ पासून लाइफलाइन एक्सप्रेस आहे, रेल्वेच्या डब्यांतलं हॉस्पिटल, विचार तोच. ग्लोबल मर्सी १७४ मीटर लांब आहे, १२ डेक, ६ थिएटर आणि जवळपास २०० बेड, मुद्दाम हॉस्पिटल म्हणूनच चीनमधे बांधून घेतलेलं. संस्थेचं दुसरं जहाज आफ्रिका मर्सी, ते पूर्वी डेन्मार्कमधे रेल्वेचे डबे वाहून नेणारी फेरी होतं, हे आमच्या रेल्वे लाइन्स भागातल्या लोकांना सांगितलं की फार आवडतं. आणि पहिलं जहाज ॲनास्टॅसिस, ते तर इटलीचं प्रवासी जहाज, व्हिक्टोरिया नावाने मुंबईला यायचं. १९७८ ला डॉन स्टीफन्स आणि त्यांची बायको डेयॉन यांनी ते घेऊन काम सुरू केलं. डेयॉन स्वतः नर्स. हे दोघं पोरांना घेऊन त्याच जहाजावर वर्षानुवर्षं राहिले, म्हणजे कुटुंबासकट राहायची पद्धत पहिल्यापासूनची आहे. ॲनास्टॅसिस शेवटी २००७ ला गुजरातमधे अलंगला तोडायला आलं.

पगाराचं गणित असं आहे की डॉक्टरपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत बहुतेक सगळे स्वयंसेवक, आपला खर्च आपण उचलायचा, म्हणजे देणगीचा पैसा जास्तीत जास्त पेशंटवर लागतो. बहिणीने इथला फ्लॅट भाड्याने दिलाय, ते भाडं तिकडे जातं, थोडं मंडळी देते, थोडं मी देते. आता मी लोकांना पगार नाही एवढंच सांगून थांबत नाही, महिन्याचा खर्च किती येतो ते सांगते आणि त्यातलं थोडं उचलाल का असं सरळ विचारते. काहीजण विषय बदलतात. एका रिटायर्ड गार्ड काकांनी मात्र पेन्शनमधून सुरू केलंय, पैसे द्यायला स्वतः घरी येतात, चहा घेतात आणि आईकडून जहाजाची सगळी खबर ऐकूनच उठतात.

फोटो बघून काहींना वाटतं क्रूझवर मजा चालू आहे. वर स्विमिंग पूल आहे, स्टारबक्सची कॉफी पण मिळते, खरं आहे ते. पण चौघांची केबिन आमच्या हॉलपेक्षा लहान, जेवण मेसमधे, तिन्ही त्रिकाळ मेसचं खाऊन ती इतकी कंटाळते की इथून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुरवून पुरवून खाल्ली पोरांनी. पाण्याचा मात्र त्रास झाला नाही, अंघोळ झटपट उरकायची असा तिथला नियम, आणि चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावातली पोरं ही, त्यांना काय शिकवायचं.

आमचे जावई, म्हणजे बहिणीचा नवरा, जहाजावरची वीज बघतात. ऑपरेशन चालू असताना एक सेकंद लाइट गेलेली चालत नाही, त्यामुळे त्यांच्या कामाची किंमत तिथे सगळ्यांना माहितीये, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, की आपण सेवा म्हटलं की फक्त डॉक्टरचा विचार करतो. एकदा रात्री त्यांना वॉर्डमधून निरोप आला, रक्त पाहिजे. जहाजावर मोठी ब्लड बँक नाही, कामावरचे लोकच रक्तदाते, ग्रुप जुळला की बोलावतात, ताजं रक्त काढून तसंच पेशंटला चढवतात. जबड्यावरची मोठी गाठ काढलेला माणूस होता. जावयांनी फोनवर आईला सांगितलं तर आई कितीतरी वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली उद्या उपासनेत त्या माणसासाठी प्रार्थना घेऊ, नाव माहीत नसलं तरी चालतंय.

अशा गाठी आपल्याकडे एवढ्या वाढेपर्यंत शक्यतो राहत नाहीत. तिथे ऑपरेशन करणारे डॉक्टर फार कमी आणि पैसे नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं वाढत जाते, शेवटी श्वास अडतो. बाळंतपणात दोन-तीन दिवस अडकलेल्या बायका असतात, बाळ जातं आणि आत जखम होऊन लघवी सतत गळत राहते, वास येतो म्हणून नवरा टाकतो, गाव टाकतं. ते ऑपरेशनने बरं होतं. बऱ्या झालेल्या बायकांना नवीन ड्रेस घालून, गाणी म्हणत, नाचत निरोप देतात. बहीण म्हणते ताई, त्या दिवशी ड्युटी नसली तरी मी खाली जातेच. पेशंटचे फोटो ती कधी पाठवत नाही, मागितले तरी नाही, आणि बरोबर करते.

सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते पोरांवरून. शिक्षणाचं वाटोळं करायलेत म्हणे. जहाजावर शाळा आहे, बालवाडीपासून बारावीपर्यंत, शिक्षक पण स्वयंसेवक, वर्गात वेगवेगळ्या देशांची मोजकी पोरं. शिक्षणाची मला काळजी नाही. अवघड गोष्ट वेगळीच आहे, मैत्रिणी टिकत नाहीत. लोक काही आठवड्यांसाठी, काही महिन्यांसाठी येतात आणि जातात, भाचीला दर थोड्या दिवसांनी कुणालातरी टाटा करायला उभं राहावं लागतं. सुरुवातीला ती रडून रडून जेवायची नाही, मधे तर म्हणाली मी आता कुणाशी मैत्रीच करणार नाही मावशी. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. भाचा मजेत आहे. पाय वाकडे असलेल्या पोरांची ऑपरेशनं होतात, दोन्ही पायांना प्लास्टर, त्यांच्यासोबत हा पत्ते खेळतो, त्यांची क्रिओ भाषा बोलायला लागलाय, व्हिडिओ कॉलवर मला पण आधी कुशे म्हणजे तिकडचा नमस्कार म्हणतो मग सलाम मावशी. डॉ. गॅरी पार्कर म्हणून चेहऱ्याचे सर्जन आहेत, १९८६ ला तीन महिन्यांसाठी आले आणि तीस वर्षांच्या वर राहिले, लग्न जहाजावरच्याच मुलीशी झालं, दोन पोरं जहाजावरच वाढवली. हे उदाहरण मी नातेवाईकांना देते, पटतंच असं नाही.

इथे गरीब नाहीत का, हा पण एक प्रश्न. आहेत की. पण डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचेच, १९३८ ला चीनला गेले आणि १९४२ ला तिथेच वारले, तेव्हा सोलापुरात आजारी माणसं नव्हती का? आज त्यांचं स्मारक आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. आईचं उत्तर अजून सरळ आहे. ती मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलला नर्सिंग शिकली. एका आत्याबाईंनी तिला ऐकवलं की म्हातारपणी लेक एवढी लांब गेली, तर आई म्हणाली, वानलेस साहेब कॅनडाहून मिरजेला आले, १८९४ ला हॉस्पिटल काढलं, त्यांना पण तिकडे आई होतीच की, ते आले नसते तर मी नर्स झाले असते का.

आईचा बीपी, डोळ्यांचा नंबर, फ्लॅटचा मेंटेनन्स, बँकेची कामं माझ्याकडे आहेत. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. ते चौघं तिकडे राहू शकतात कारण इकडे कुणीतरी हे बघतंय, आणि माझ्यासाठी ती पण त्याच जहाजावरची ड्युटी आहे, मी ती मनापासून करते. आमच्याकडे कुणी सेवेला गेलं की मंडळी हार घालून निरोप देते आणि नंतर मागे राहिलेल्या घराकडे कुणी फिरकत नाही, हे बदलायला पाहिजे, पाळक साहेबांना पण मी हे स्पष्ट बोललेय.

त्यांनी मुदत वाढवून घेतलीय. जावई म्हणतात जहाजाला नर्स-डॉक्टरांइतकेच प्लंबर, वेल्डर, स्वयंपाकी, शिक्षक लागतात. या शनिवारी संध्याकाळी तरुण संघाच्या मीटिंगला ते व्हिडिओ कॉलवर येणार आहेत, आयटीआय झालेल्या पोरांनी तर नक्की या, घरच्यांना पण सोबत आणा म्हणजे त्यांचे प्रश्न पण तिथेच विचारून होतील. इंग्रजी बोलायची प्रॅक्टिस मात्र आत्तापासून करा, जहाजावर सगळं काम इंग्रजीतच चालतं.