बदामीत नुसतं बसायला

सोलापूरकराला देवांची ददात नाही. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर. पहाटे गाडी काढायची, दोन-तीन देव उरकायचे आणि रात्री जेवायला घरी. त्यामुळे "बदामीला जाऊन नुसतं राहणार आहोत" म्हटल्यावर जाऊबाईंचा प्रश्न रास्तच होता, "अगं, पण तिथं करणार काय?"

गदग मार्गावरची गाडी धरली. आधी भीमा, मग विजापूर, आलमट्टीपाशी कृष्णा. बदामीची चार लेणी घाईनं पाहिली तर तासा-दीड तासात होतात. पहिल्यात अठरा हातांचा नटराज, तिसऱ्यात चालुक्य मंगलेशाचा 578 सालचा लेख, फोटो, चला खाली. आम्ही मात्र सकाळी गेलो, उन्हं चढल्यावर उतरलो, कलतीला पुन्हा गेलो. तांबडा दगड सकाळी विटेसारखा दिसतो आणि संध्याकाळी पार पेटतो. तिसऱ्या लेण्यात खांबांच्या माथ्याशी झाडाखाली रेलून उभी राहिलेली जोडपी कोरली आहेत. मान दुखेपर्यंत ती बघत राहिलो. हे म्हणाले, "चौदाशे वर्षं झाली, पण निघायची घाई आहे का बघ यांना!" एवढ्यात माकडानं यांच्या हातातली शेंगदाण्यांची पुडी पळवली, ते सोडा.

वरून खाली अगस्त्य तळं दिसतं. काठाच्या पायऱ्यांवर बायका धुणं आपटत असतात. बाईचा हात खाली येतो, कपडा दगडावर आदळतो, पण आवाज नाही. हात पुन्हा वर गेला की मग 'फट्' ऐकू येतं. हे लक्षात आल्यावर आम्ही दोघं अर्धा तास एवढंच बघत होतो. असल्या गोष्टीला देव उरकणाऱ्या गाडीत जागा नसते.

पट्टदकलला एक दिवस दिला. चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्यानं कांचीच्या पल्लवांना हरवलं, म्हणून लोकमहादेवी राणीनं विरूपाक्षाचं देऊळ बांधलं. शेजारचं मल्लिकार्जुनाचं तिच्या बहिणीनं, त्रैलोक्यमहादेवीनं. सख्ख्या बहिणी आणि सवतीही. दुसरं देऊळ पहिल्यासारखंच, फक्त जरा लहान. मानपान आम्हा बायकांना बरोबर कळतो!

बनशंकरीला गेलो ते दर्शनाला, रमलो मात्र बाहेर. ओळखीतल्या कितीतरी घरांची ही कुलदेवी. तळ्यापाशी बायका टोपल्या घेऊन बसतात. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी आणि मडक्यातलं दही. माझं सोलापुरी कानडी ऐकून एकीनं न विचारता आणखी चटणी वाढली. मी भाकरी उजेडात धरून बघितली. कडेपर्यंत सारखी पातळ आणि कुठं चीर नाही. सोलापुरात एवढी पातळ भाकरी दिसते ती कडक करून ठेवलेली. ही मऊ होती! पीठ कुठल्या ज्वारीचं, पाणी किती कढत, मी विचारत गेले, ती सांगत गेली, आणि यांनी तेवढ्यात दुसरी भाकरी संपवून तिसरी मागितली.

दुपारी ऐहोळेला जायचं होतं, ते तिथंच राहिलं. तिथल्या मेगुती देवळावरचा 634 सालचा कवी रविकीर्तीचा लेख मला बघायचा होता. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीला त्यात नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन भागांचा, धनी म्हटलं आहे. आता पुढच्या खेपेला, पौषातली जत्रा टाळून.