नाल्याच्या खालच्या अंगाची वाट

मे महिन्यातली गस्त होती. जंगलातले पाणवठे आटत आले होते आणि वरच्या नाल्यातल्या एकाच डबक्यावर चितळ, भेकर, सांबर अशा सगळ्यांची भिस्त होती. अशा वेळी तारेचे फासे हमखास लागतात, म्हणून डोंगरउतारावरून पाण्याकडे येणारी रुंद, खुरांनी तुडवलेली वाट मी पावलापावलाने तपासली. काहीच सापडले नाही. माझ्यासोबतचे वयस्क वनमजूर मात्र समाधानी नव्हते.

"साहेब, या वाटेनं चितळं येतात, तीही दिवसाउजेडी कळपानं. सांबर खालून येणार," ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे लगेच पटले. सूर्य मावळल्यावर उतारावरची हवा गार होऊन खाली वाहू लागते. वरून येणाऱ्या जनावराच्या ती पाठीमागून येते आणि पुढचा धोका त्याच्या नाकाला कळत नाही. सांबर बहुधा एकटे किंवा दोन-तीनच्या गटाने आणि अंधार पडल्यावर फिरते. म्हणून ते वळसा घालून, नाल्याच्या पात्रातून, वारा तोंडावर घेत वर चढते. फासे लावणाऱ्याला हे ठाऊक होते. बांबूचे बेट आणि दरड यांच्यामधल्या हातभर अरुंद जागेत, सांबराच्या मानेच्या उंचीवर, सालीच्या रंगात मिसळून गेलेली तार पानांआड लोंबत होती. जवळच्या खोडाची साल शिंगांच्या घासणीने सोलून निघालेली पाहून त्याने ही जागा हेरली असावी. पुढे अशा आणखी दोन तारा निघाल्या.

तारा काढून, पंचनामा आटोपून, आम्ही वाऱ्याच्या आडबाजूला, समोरच्या दरडीवर बसलो. चांदण्यात एक नर आला. शिंगे मखमलीत होती, म्हणजे वाढत्या शिंगांवर असते ती मऊ, केसाळ कातडी त्यांवर अजून होती. या दिवसांत ती रक्ताने भरलेली आणि हळवी असतात, त्यामुळे तो बांबूला शिंग लागू न देता मान वाकवून सरकत होता. तार होती नेमक्या त्याच जागी तो थबकला, आमच्या हातांचा वास राहिलेली जमीन हुंगली, पुढचा पाय आपटला आणि दरी दुमदुमेल अशी इशाऱ्याची हाक देऊन पाणी न पिताच मागे फिरला. तहानलेले जनावर आमच्यामुळे परतले, याची रुखरुख मला रात्रभर लागून राहिली. मध्यरात्रीनंतर चंद्र मावळला आणि काही दिसेनासे झाले.

उजाडल्यावर खाली उतरलो, तर डबक्याच्या पलीकडच्या काठावर मोठे, लांबट खूर चिखलात खोल रुतलेले होते आणि त्यांत पाणी अजून गढूळच होते.