बरणीतले 33 टक्के

पहिल्या वर्षाचा एक मुलगा सकाळीच प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा. एका हातात प्लास्टिकची बरणी, दुसऱ्या हातातल्या पिशवीत टीडीएस पेन (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं), पीएचच्या पट्ट्या आणि द्रावणाची घनता मोजणारा एक हायड्रोमीटर.

"सर, घरी पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढतोय. हल्ली त्याच व्होल्टेजला करंट कमी येतो. द्रावण तर चांगलं कडक आहे. यातलं नेमकं कोण खोटं बोलतंय?"

बरणीत कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, त्वचा भाजणारी अल्कली. म्हणून आधी दोघांनी गॉगल चढवले, हातमोजे घातले, मग झाकण उघडलं. बरणीच्या काठावर पांढरी खरपुडी दिसली. तिथंच मला संशय आला, पण बोललो नाही.

पट्टी आणि पेन मी लगेच बाजूला ठेवले. 5-6 टक्क्यांच्या पोटॅशलाच पीएच 14 च्या घरात जातो, त्यापुढे पट्टी एकच रंग दाखवणार. पेन पिण्याच्या पाण्यासाठी बनलेलं, ते इथं पार गोंधळून जातं. "मग भारी कंडक्टिव्हिटी मीटर घेऊ?" तोही फसवतो. पोटॅशची वीज वाहण्याची क्षमता 30 टक्क्यांच्या जरा अलीकडे शिखर गाठते आणि पुढे उतरते. त्यामुळे 22 आणि 33 टक्क्यांची द्रावणं जवळपास सारखंच रिडिंग देतात. आपण चढावर आहोत की उतारावर, हे मीटर सांगत नाही.

राहिला हायड्रोमीटर. द्रावण थंड होतं हे बरं, गरम असतं तर घनता कमी दिसली असती. मोजनळीत बुडवला, 1.32 वर स्थिरावला. तक्त्यात 33 टक्के. मुलगा खूश.

"झाकण किती दिवस उघडं होतं?"

"तीन-चार महिने. वर नुसतं फडकं. पाणी कमी झालं की भर घालायचो."

हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन पोटॅशचं कार्बोनेट होतं, आणि तेही तितकंच जड. हायड्रोमीटरला दोघांतला फरक काय कळणार? त्यानं घरी फिनॉल्फ्थॅलीनही, म्हणजे अल्कलीत गुलाबी होणारं दर्शक, टाकून पाहिलं होतं म्हणे. क्षणभर गुलाबी झालं आणि रंग उडाला, म्हणून त्याला ते शिळं वाटलं. इतक्या तीव्र अल्कलीत त्याचा रंग उडतोच. आधी पातळ करायला हवं.

10 मिली द्रावण पाणी घालून लिटरभर केलं, त्यातले 25 मिली फ्लास्कमध्ये, वर फिनॉल्फ्थॅलीन. ब्युरेटमध्ये 0.1 नॉर्मल, म्हणजे ठरावीक तीव्रतेचं, हायड्रोक्लोरिक आम्ल. ब्युरेटची तोटी मी त्यालाच धरायला लावली. 13.2 मिलीला गुलाबी रंग गेला. मग मिथाइल ऑरेंज हे दुसरं दर्शक टाकलं, आणखी 4.1 लागले. गुलाबी जाईपर्यंत कार्बोनेटचं अर्धंच काम झालेलं असतं, म्हणून 4.1 ची दुप्पट कार्बोनेटची, आणि 13.2 मधून 4.1 वजा केले की उरलेले 9.1 खऱ्या पोटॅशचे. आकडेमोड त्यानंच केली: वजनानं जेमतेम साडेपंधरा टक्के.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे हायड्रोमीटर फेकून देऊ?"

"नको रे. ताजं द्रावण करताना तोच वापर. फक्त हा बॅटरीच्या आम्लात कधी बुडवलास का?"

तो गप्प. मग हळूच म्हणाला, "गेल्या आठवड्यात."