लाकडाचं गाव

मुंबईत रे रोड स्टेशनला उतरून लकडी बंदराच्या दिशेने निघालं की आधी वास यायचा, ओल्या सागाचा, आणि मग वखारी दिसायच्या. आमच्या १९८६ च्या दहावीच्या बॅचमधली आम्ही सात-आठ मुलं त्याच पट्ट्यात राहायचो, वखारीच्या पोटमाळ्यावर नाहीतर मागच्या खोल्यांत, आणि शाळेत आमचं नावच पडलं होतं वखारवाले. आमच्या गल्लीत आज एकही वखार नाही. स्मरणिकेसाठी लिहा म्हणून शाळेतून फोन आला तेव्हाच ठरवलं, लिहायचं तर त्या गल्लीबद्दल. नकाशात ते गाव नव्हतं, पण आमचं गाव तेच.

माझे बाबा मूळचे रत्नागिरीचे, वखारीत मापाडी. ओंडका उतरला की मधोमध टेप गुंडाळून घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं, झालं घनफूट. हे सगळं तोंडी, कानाला पेन्सिल लावलेली असायची ती फक्त आकडा लिहायला. मी नववीत असताना गणिताच्या बाईंनी वृत्तचितीचं घनफळ शिकवलं आणि मी घरी जाऊन बाबांच्या एका ओंडक्याचं गणित करून बघितलं. घेर ४ फूट, लांबी १० फूट. बाबांचं उत्तर १० घनफूट आणि बाईंच्या सूत्राने १२.७३! मला रात्रभर झोप नाही, बाबा इतकी वर्षं चुकीचं मोजतायत की काय. दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवलं तर त्या शनिवारी शाळा सुटल्यावर सरळ माझ्याबरोबर वखारीत आल्या. बाबा त्यांना सॉ मिलपाशी घेऊन गेले, तिथे सालींचा ढीग होता, कडेची वाकडी फळकुटं होती, घोट्यापर्यंत भुसा होता. म्हणाले, "बाई, तुमचे पावणेतीन फूट हे इथे पडलेत. गिऱ्हाईकाला फळी मिळते, तेवढंच आम्ही मोजतो." सोमवारी बाईंनी फळ्यावर दोन्ही गणितं शेजारी शेजारी मांडली आणि बाबांचं नाव घेऊन वर्गाला समजावलं. वखारीतल्या माणसाचं नाव वर्गात तसं कोणी घेतलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

इतिहासाच्या सरांचंही सांगायलाच हवं. ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याने मारलेला शिक्का असतो. आम्ही पोरं त्यावर वहीचं पान धरून पेन्सिल घासायचो, अक्षरं उमटायची. सरांनी एकदा तासाला माझी ती वही पकडली, मला वाटलं आता मार. पण त्यांनी विचारलं, हे लाकूड कुठलं? मी म्हटलं, बर्मा टीक. मग त्या दिवशीचा धडा बाजूलाच राहिला आणि सर सांगत गेले. बर्मातल्या जंगलात सागाच्या बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं लाकूड गोल कापून काढतात, झाड उभ्याउभ्या दोन-तीन वर्षं वाळतं, कारण ओला साग पाण्यात बुडतो, मग तोडून हत्तींनी ओढ्यात आणायचं, पावसाळ्याच्या पुरात सोडायचं आणि खाली नदीला लागलं की तराफे बांधून रंगूनपर्यंत न्यायचं. १८६३ मध्ये आपल्या मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली ती या सागासाठीच. कंपनी ओंडके जास्त नेते आणि पैसे कमी भरते म्हणून बर्माच्या दरबाराने तिला २३ लाखांच्या आसपास दंड केला, इंग्रजांना तेवढं निमित्त पुरलं, १८८५ मध्ये लढाई झाली आणि थिबा राजाचं राज्य गेलं. त्याला ठेवलं कुठे तर रत्नागिरीला, तिथेच १९१६ ला तो वारला. मी रात्री हे बाबांना सांगितलं. थिबा राजवाड्यासमोरून लहानपणी कितीदा गेलेला माणूस, काही वेळ गप्पच बसला आणि मग म्हणाला, म्हणजे आमच्या लाकडापायी आला होता होय तो.

गल्ली का संपली हे मला नंतर हळूहळू कळत गेलं. घराघरात प्लाय आलं, खिडक्या अॅल्युमिनियमच्या झाल्या. १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने मंजूर आराखड्याशिवाय जंगलतोड थांबवली. बाहेरून येणारं लाकूड जास्त करून कांडल्याला उतरायला लागलं आणि १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने, म्हणजे पूर्वीच्या बर्माने, अख्खे ओंडके बाहेर पाठवणंच बंद केलं. जंगल वाचायलाच हवं, ते मी मनापासून म्हणतो, उलट इतकी झाडं आमच्या दारात येऊन पडली याचं आज वाईट वाटतं. पण ओंडक्यावर नुसती थाप मारून आत पोकळ आहे का ते सांगणारी माणसं होती आमच्याकडे, ती आपापल्या गावी परत गेली आणि त्यांचं शिकलेलं कोणी लिहून ठेवलं नाही, याचंही तितकंच वाईट वाटतं.

बाबा २००९ ला गेले. त्यांचा टेप माझ्याकडे आहे, पहिले तीन इंच झिजून पुसलेत, त्यामुळे ते चौथ्या इंचापासून मोजायचे आणि मनात तीन वजा करायचे. शिक्क्यांची वहीपण आहे, सतरा पानं. दोन्ही मी शाळेच्या समारंभाला आणतोय. वखारवाल्यांपैकी कोणाकडे त्या गल्लीचा एखादा फोटो असेल, लग्नाचा, गणपतीचा, मागे ओंडके दिसत असले तरी चालेल, तर प्लीज घेऊन या.