उबंटू अपग्रेडनंतर एसएसएच आत घेईना: माझा अनुभव

उबंटू या लिनक्स प्रणालीच्या 20.04 आवृत्तीची नेहमीची सपोर्टची मुदत 2025 च्या मे महिन्यात संपली आणि आमच्या अंधेरीच्या ऑफिसचे महापेच्या डेटा सेंटरमधले सर्व्हर आधी 22.04 वर, मग 24.04 वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. मधली आवृत्ती गाळून थेट उडी मारता येत नाही. असली कामं शनिवारी रात्रीच निघतात, आणि रविवारी ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक असला की महापेजवळचं घणसोली स्टेशन गाठणं म्हणजे दिव्यच. त्यामुळे रिमोट कन्सोल (दुरूनच सर्व्हरची स्क्रीन आणि कीबोर्ड देणारी सोय) चालतोय ना, हे आधी तपासलं. नुसती आयपीएमआयची (म्हणजे त्याच कन्सोलची) स्क्रीन दिसून भागत नाही. सर्व्हरवर निदान एका सुडो (म्हणजे अॅडमिनचे अधिकार असलेल्या) युजरला पासवर्ड हवा. सगळे युजर पासवर्डऐवजी की-फाइलने लॉगिन करणारे असतील तर कन्सोलवर लॉगिन प्रॉम्प्टकडे बघत बसावं लागतं.

अपग्रेडची कमांड एसएसएचवरून (दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीतून) चालवली की ती 1022 पोर्टवर जादा एसएसएचडी, म्हणजे ही लॉगिन घेणारा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम, उभा करते. मूळ कनेक्शन तुटलं तर तिथून आत शिरता येतं, पण फायरवॉलमध्ये तो पोर्ट आपणच उघडायचा. मध्येच एसएसएचडी-कॉन्फिग ही त्याच्या सेटिंगची फाइल जुनी ठेवू की नवी घेऊ, असा प्रश्न येतो. मी जुनी ठेवतो आणि नवी शेजारी ठेवून फरक वाचतो. नवी घेतली तर कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारी अलाऊ-युजर्सची ओळ गळून पडते आणि ज्यांना दार बंद होतं त्यांनाही ते उघडं होतं. ते कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तक्रार करायला कुणी येत नाही.

रीबूटनंतर लॉगिन होत नसेल तर आधी एरर नीट वाचायची. टाइम-आउट झालं तर नेटवर्क किंवा फायरवॉल. रिफ्यूज्ड आलं तर त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. किंवा फेल-टू-बॅनने (वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्याला अडवणाऱ्या प्रोग्रॅमने) आयपी अडवला आहे, कारण त्याची मूळ सेटिंग पॅकेट गिळत नाही, परत पाठवते. आख्खं ऑफिस एकाच पब्लिक आयपीमागे असेल तर एकाने चुकीचे पासवर्ड मारले की सगळेच बाहेर. मोबाइल हॉटस्पॉटवरून लगेच लागलं, तर गुन्हेगार सापडला.

परमिशन डिनाइड मात्र फसवं असतं. क्लायंटला खरं कारण मुद्दाम सांगितलं जात नाही, ते सर्व्हरच्या लॉगमध्येच मिळतं. कन्सोलवर जर्नलसीटीएल -यू एसएसएच -एफ (लॉग जसा पडेल तसा दाखवणारी कमांड) चालू ठेवायचं आणि दुसऱ्याला लॉगिन करायला सांगायचं. आमच्याकडे काही विंडोज मशीनवर जुनं पुट्टी (विंडोजवरून एसएसएच करायचा प्रोग्रॅम) होतं, तिथे ‘सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की’ एवढंच दिसायचं. लॉगमध्ये, हा प्रकार मान्य यादीत नाही, अशी ओळ होती: की टाइप एसएसएच-आरएसए नॉट इन पबकी-अ‍ॅक्सेप्टेड-अल्गोरिदम्स.

इथे बहुतेक जण म्हणतात, आरएसए या जुन्या प्रकारच्या की बंद झाल्या. तसं नाही. ओपन-एसएसएच (उबंटूतला एसएसएचचा प्रोग्रॅम) 8.8 पासून बंद झाली ती शा-1 ही जुनी हॅश पद्धत वापरून केलेली आरएसए सही, म्हणजे की आपलीच आहे हे लॉगिनच्या वेळी पटवायची खूण. 20.04 मध्ये 8.2 होतं, 22.04 मध्ये 8.9 आलं, म्हणजे फटका पहिल्याच उडीत बसतो. तीच की शा-2 ची सही करू शकणाऱ्या क्लायंटवरून बिनबोभाट चालते. पुट्टीला ही सही 0.75 पासून जमते, पायथनच्या पॅरामिको लायब्ररीला 2.9 पासून. पुट्टी बदलता येत नसेल तरी वाट आहे: ईडी-25519 या नव्या प्रकारची की पुट्टीला 0.68 पासून समजते. नवी की बनवून सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये घातली की काम झालं.

या जुन्या पुट्टीवर होस्ट कीचा (सर्व्हरच्या स्वतःच्या ओळखीच्या कीचा) इशाराही येतो, आणि लोक सर्व्हर हॅक झाला म्हणून फोन करतात. होस्ट की बदललेली नसते. जुन्या आरएसए सहीवर बोलणं जमत नाही म्हणून पुट्टी दुसऱ्या प्रकारची की घेतं, आणि ती त्याने आधी पाहिलेली नसते. एसएसएच-कीजेन -एलएफने सर्व्हरवरच्या पब्लिक होस्ट कीचा फिंगरप्रिंट (कीची छोटी खूण) काढून पुट्टीतल्याशी जुळवला, की मगच ‘येस’ म्हणायला सांगायचं.

सगळ्यात किचकट निघालं ते रात्री फाइल उचलणारं जावा प्रोग्रॅम. त्यात जेएससीएच (JSch) या जावातून एसएसएच करायच्या लायब्ररीची 0.1.55 आवृत्ती. तिला शा-2 ची आरएसए सही येत नाही, ईडी-25519 ही येत नाही. ईसीडीएसए हा कीचा प्रकार येतो, पण ओपन-एसएसएचच्या नव्या साच्यातली प्रायव्हेट की ती वाचत नाही. म्हणून की बनवताना -एम पीईएम (म्हणजे जुना साचा) द्यावं लागतं, आणि ओळखीच्या सर्व्हरांच्या नोन-होस्ट्स फाइलमध्ये सर्व्हरची ईसीडीएसए होस्ट की घालावी लागते. हे होईपर्यंत मी त्या एकाच युजरपुरता मॅच ब्लॉक लिहून एसएसएच-आरएसएला परवानगी दिली. सगळ्यांना सरसकट मुभा देण्याला माझा विरोध आहे, कारण तात्पुरती म्हणून लिहिलेली ओळ पुढच्या अपग्रेडपर्यंत तशीच राहते.

पासवर्ड लॉगिन बंद केलं तरी चालूच राहतं, किंवा उलट, अशी तक्रार असेल तर एसएसएचडी-कॉन्फिग-डी फोल्डरमधली 50-क्लाउड-इनिट फाइल बघा. या फोल्डरमधल्या फाइली ओढून घेणारी इन्क्लूडची ओळ मुख्य फाइलच्या वरच असते आणि आधी वाचलेली किंमत टिकते, त्यामुळे खाली काहीही लिहा, उपयोग नाही. स्वतःची सेटिंग 10 ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये टाकावी. शेवटी लागू काय आहे ते एसएसएचडीला मोठा टी देऊन कळतं, लहान टीने फक्त चूक तपासली जाते.

24.04 वरची गंमत पोर्टची. तिथे पोर्टवर सिस्टमडीचं (सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचं) एसएसएच-सॉकेट ऐकत असतं. कॉन्फिगमध्ये पोर्ट बदलून सवयीने एसएसएच सर्व्हिस रिस्टार्ट केली तर मोठा टी नवा पोर्ट दाखवतो, ऐकणं मात्र जुन्यावरच चालू. आधी डेमन-रीलोड, मग एसएसएच-सॉकेट रिस्टार्ट, आणि कोणत्या पोर्टवर ऐकतंय याची एसएस -टीएलएनपीने खात्री. हे सगळं एक सेशन उघडं ठेवून, दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन झाल्यावरच पहिलं बंद करायचं.

उरलेल्या 20.04 सर्व्हरवर मी लॉग-लेव्हल डीबग करून ठेवलं आहे. प्रत्येक कनेक्शनच्या क्लायंटचं नाव आणि आवृत्ती लॉगमध्ये पडते, त्यामुळे कुणाचं पुट्टी बदलायचं, याची यादी अपग्रेडच्या आधीच तयार होते. ती नोंद फक्त डीबग पातळीला येते, आणि लॉग फुगतो, तेवढी डिस्क बघून घ्या.