तुम्ही विचारलंत म्हणून: काशी नुसती बघायला जावी का?

"आम्ही अभिषेक, पिंडदान वगैरे काही करणार नाही, नुसतं बघायचंय. मग काशीला जाण्यात अर्थ आहे का? आणि शनिवार-रविवारात उरकेल ना?" दादर असो, ठाणं असो की बोरिवली, हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं आणि माझं उत्तर लांबतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

जाण्याबद्दल म्हणाल तर जरूर जा. संकल्प सोडलात की नाही, हे तुम्हाला तिथे कुणी विचारत नाही. शनिवार-रविवारात मात्र उरकत नाही. काशी पहाटे आणि संध्याकाळी बघायची असते. दुपारी घाट तापतात आणि ओस पडतात. दीड दिवसात एकच पहाट हाती लागते, ती मंदिराच्या रांगेत जाते, आणि मग लोक मुंबईत येऊन सांगतात की तिथे गर्दीशिवाय काही नाही. तीन रात्री ठेवा. तेवढी सवड नसेल तर अयोध्या-प्रयाग त्यात कोंबू नका.

गंगा इथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि घाट पश्चिम काठावर आहेत, म्हणून सूर्य समोरच्या वाळूवर उगवतो. नाव दक्षिण टोकाच्या अस्सी घाटावरून घ्या, वल्ह्यांची घ्या आणि एकाच बाजूची ठरवा. प्रवाहाबरोबर उतरताना नावाडी बेताने नेतो. परत आणायचं म्हटलं की प्रवाहाविरुद्ध वल्हवावं लागतं, मग तो घाई करतो किंवा दशाश्वमेधावरूनच वळतो. पंचगंगा घाटावर उतरा आणि गल्ल्यांतून चालत या. भाव पूर्ण नावेचा की माणशी, हे पाय टाकण्याआधी विचारा. निम्मी भांडणं इथेच होतात. जुलै ते सप्टेंबर पाणी चढतं, एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही, नावाही बंद ठेवतात. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे उजाडल्याचंही कळत नाही. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी बरा, फक्त देवदिवाळीचा आठवडा टाळा (ती तिथे कार्तिक पौर्णिमेला असते), कारण तेव्हा खोल्यांचे भाव ऐकवत नाहीत.

खोली 'घाटावर' घेतलीत तर गाडी दारात येणार नाही. गोदौलिया किंवा मैदागिन चौकाच्या आसपास उतरून पुढे चालायचं आणि पायऱ्या चढायच्या. चाकांची बॅग त्या फरशीवर चालत नाही. गाडी कुठे सोडेल, पुढे पायऱ्या किती, हे बुकिंग करतानाच विचारा. आईबाबा बरोबर असतील तर अस्सीच्या बाजूला राहा.

विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली बांधलं. त्याच्याभोवतीचा मोठा कॉरिडॉर १३ डिसेंबर २०२१ला खुला झाला आणि तेव्हापासून आत जायच्या वाटा बदलल्या. मोबाइल आत नेता येत नाही. मंदिराचे लॉकर आहेत. गल्लीतले दुकानदारही 'फुकट ठेवा' म्हणतात, पण मग त्यांची प्रसादाची थाळी घ्यावी लागते, तेव्हा थाळीचा भाव आधी विचारा. ओळखपत्र कागदी न्या, कारण मोबाइलमधलं आधार त्या वेळी लॉकरमध्ये असतं. आणि मोबाइल ठेवण्यापूर्वी बाहेर कुठे भेटायचं ते ठरवा. दरवाजे अनेक आहेत, आत गेलात त्याच दाराने बाहेर पडाल असं नाही, आणि हरवलेल्या सासूबाईंना फोन करायची सोय नसते.

आता मणिकर्णिका, म्हणजे जिथे रात्रंदिवस चिता जळतात तो घाट. खरं तर सगळे प्रश्न फिरून तिथेच येतात. "ते बघता येतं का हो?"

पूर्वी मी ठामपणे सांगायचे, जाऊच नका, दुसऱ्याच्या घरचं मरण ही बघायची गोष्ट नाही. आता तसं म्हणवत नाही. तो घाट वाटेवरच आहे. गल्लीत उभे असाल तर 'राम नाम सत्य है' म्हणत तिरडी तुमच्या खांद्याला घासून जाते. टाळायचं म्हटलं तरी टळत नाही.

पण तिथे गेल्यावर काय होतं ते नीट ऐका. घाटाच्या तोंडाशी एक सभ्य माणूस पुढे होतो. पहिलं वाक्य 'फोटो मत लीजिए', त्यामुळे तुमचा विश्वास बसतो. दुसरं, 'मैं गाइड नहीं हूँ, पैसा नहीं लेता, यहाँ सेवा करता हूँ.' मग तो माहिती सांगतो आणि ती बरीचशी खरी असते. लाकूड तोलून विकतात, एका चितेला अडीच-तीनशे किलो सहज लागतं. अग्नी डोमांच्या, म्हणजे पिढीजात स्मशानाचं काम करणाऱ्यांच्या, अखंड धुनीतून नेतात, काडी ओढून पेटवत नाहीत. चिता जळायला तीनेक तास. शेवटी मुलगा पाण्याचा घडा खांद्यावरून मागे टाकतो आणि वळून न बघता निघतो.

तुम्ही ऐकण्यात गुंतलात की तो म्हणतो, 'ऊपर से ठीक दिखेगा.' एका काजळलेल्या इमारतीच्या सज्जात नेतो. इथे मरणाची वाट बघत गरीब माणसं राहतात, असं सांगतो. कोपऱ्यातली म्हातारी तुमच्या डोक्यावर हात ठेवते. लगेच प्रश्न येतो: यांच्या लाकडासाठी आप कितने किलो देंगे? किलोचा भाव मनाला येईल तो. जिन्याशी तोवर आणखी दोघे उभे राहिलेले असतात. खाली चिता जळत असताना पैशांवरून हुज्जत घालायची कुणालाही लाज वाटते, आणि त्या लाजेवरच हे सगळं चालतं. हे पैसे कुणाच्या लाकडाला जात नाहीत. तुम्ही एखादा फोटो काढलेला असेल तर प्रकार वेगळा: 'घरवालों को बुलाऊँ? पुलिस को?' मग तडजोडीची रक्कम.

म्हणून पहिल्या वाक्यालाच उत्तर देऊ नका. कुठलाही जिना चढू नका. मोबाइल हातात नको, बॅगेत. सिंधिया घाटाच्या बाजूने चालत जा, नाहीतर नावेतून. वर गेलाच असाल तर 'नहीं' म्हणून खाली उतरा. अडवण्याचा आव आणतात, पण खाली माणसं असतात. बायकांनी जावं का, हेही विचारतात. घरच्या बायका रूढीने येत नाहीत, पर्यटक बायकांना कुणी अडवत नाही.

इतकं सांगूनही माझं समाधान नाही. नावेतून बघितलं म्हणजे आदर राखला, असं मी कितीदा सांगितलंय. पण नावा थांबतात त्या चितांसमोरच आणि त्यातले निम्मे लोक मोबाइल उगारून बसलेले असतात. काठावर पाच मिनिटं गप्प उभा राहणारा त्यांच्यापेक्षा बरा, की तोही नकोच? मी 'जवळून बघू' म्हणणाऱ्यांशी वाद घालते आणि 'अजिबात जाऊ नका' म्हणणाऱ्यांशीही. दोघांनाही पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही.

त्याच्या पुढचे घाट मुंबईचे लोक सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. सिंधिया घाटाशी कललेलं रत्नेश्वर मंदिर आहे, त्याच्या गाभाऱ्यात वर्षातले बरेच महिने पाणी आणि गाळ असतो. मग नागपूरकर भोसल्यांचा घाट, पंचगंगेवर बिंदुमाधव आणि वर आलमगीर मशीद. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. १६७४ला शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी गागाभट्ट आले ते याच शहरातून. एक सकाळ इथे द्या. सारनाथला अर्धा दिवस पुरतो, फक्त शुक्रवार नको. अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष ज्या संग्रहालयात आहे ते त्या दिवशी बंद असतं.

तिकीट ६० दिवस आधी निघतं. महानगरी एक्स्प्रेस सीएसएमटीवरून मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. मुगलसराय, म्हणजे आताचं दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, नदीपलीकडे आहे. गाडी तिथलीच मिळाली तर रिक्षाचा वेळ जास्तीचा धरा. थंडीत गेलात तर धुक्यात गाड्या तासन्‌तास रखडतात आणि विमानंही. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला पोचायचं कबूल करू नका.