परकराची नाडी आणि ५४वं मिनिट

नाशिकला निघालं की शेजारीपाजारी द्राक्षं आणायला सांगतात. ताईने मात्र फोनवर बजावलं होतं, "रविवारी परतायची घाई करू नकोस, चिऊची फायनल आहे." चिऊ म्हणजे माझी भाची. वय सतरा, तिथल्या मुलींच्या हॉकी संघाची गोलकीपर. आजवर तिचा एकही सामना मी पाहिलेला नव्हता. खरं सांगायचं तर यावेळीही मी मिसळीसाठीच निघाले होते.

शनिवारी सकाळी कल्याणला तपोवन पकडली. कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे घाट चढवायला ढकलणारी इंजिनं, लागली, इगतपुरी आली आणि खिडकीतला वारा एकदम बोचायला लागला. जानेवारीत निफाडचा पारा किती उतरला ते आपण डोंबिवलीत पंख्याखाली बसून पेपरात वाचतो. इथे तो थेट कानात शिरतो. शनिवारचं बाकी एवढंच की गंगापूर रोडला मिसळीसाठी पाऊण तास रांगेत उभी राहिले आणि पुढचे-मागचे सगळे मुंबईचेच निघाले. मिसळीबरोबर पापड देण्याची नाशिककरांची अक्कल मात्र मान्य.

रविवारी सकाळी ताईच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. लेगगार्ड, चेस्टगार्ड, हेल्मेट, हातातले ते पावाच्या लादीसारखे फोमचे तुकडे, सगळं पसरलेलं. त्या किटला जो वास येतो त्याचं वर्णन करत नाही. हॉकीचा चेंडू वजनाला जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूएवढा असतो आणि तेवढाच टणक. तो पायाने अडवायचा म्हणून बुटावर किकर चढवतात, तर डाव्या किकरचा पट्टा मुळापासून तुटला होता. नवं किट म्हणजे ताईच्या घरातला मोठा खर्च. सकाळी सातला दुकान तरी कुठलं उघडं असणार? ताईने कपाटातून मेनरोडवरून आणलेलं परकराच्या नाड्यांचं बंडल काढलं. चपटी, पांढरी, सुती नाडी. दोनदा टाचेखालून, एकदा घोट्यामागून, मग पुढे घट्ट गाठ. चिऊने पाय तीनदा जमिनीवर आपटून पाहिला. "चालेल," म्हणाली.

सामना दहाचा. साडेनऊलाच मुली वॉर्मअप करून घामाघूम होऊन तयार. सव्वादहा झाले, पावणेअकरा झाले. प्रमुख पाहुणे "निघालेत" असं माइकवर सांगत होते. मैदान मातीचं, सावली फक्त स्टेजवर, आणि तिथल्या खुर्च्या मान्यवरांसाठी राखीव. सकाळी स्वेटर घालून आलेली मी अकराला तो डोक्यावर धरून बसले होते. चिऊ लेगगार्ड बांधून बसली होती. एकदा सोडून ठेवले, तेवढ्यात "पाच मिनिटांत सुरू" अशी घोषणा झाली, परत बांधले.

शेजारच्या खुर्चीवर देवळाली कॅम्पचे एक निवृत्त काका होते. ते न विचारताच सांगू लागले आणि बरं झालं सांगितलं. १९८० साली मॉस्कोला ऑलिंपिकमध्ये बायकांची हॉकी पहिल्यांदा आली, आपण चौथे. दिल्लीच्या १९८२च्या एशियाडला सुवर्ण, कॅप्टन आपल्या पुण्याची एलायझा नेल्सन. २०२१ला टोकियोतही पुन्हा चौथे, ब्रिटनकडून ४-३ हरून कांस्य हुकलं. "एक्केचाळीस वर्षं झाली, नंबर तोच," असं म्हणून त्यांनी शेंगांचा पुडा पुढे केला. चिऊने हॉकी धरली ती त्या टोकियोच्या वेळीच. आपली गोलकीपर सविता पुनियाने ऑस्ट्रेलियाला एकही गोल करू दिला नाही, आपण १-० ने जिंकलो, ती क्वार्टर फायनल तिने ताईच्या मोबाइलवर पाहिली होती.

साडेअकराला पाहुणे आले. हार, श्रीफळ, शाल, एकेका खेळाडूशी हस्तांदोलन, आणि मग मुलींनी खेळात पुढे आलं पाहिजे यावर पंचवीस मिनिटं भाषण. पुढे यायला तयार असलेल्या बावीस मुली उन्हात उभ्या. भाषण संपल्यावर सवयीने मीही टाळ्या वाजवल्या, याची लाज अजून वाटते.

आणि मग घोषणा झाली. दुपारी मैदान दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायचं आहे, तेव्हा चारही क्वार्टर पंधराऐवजी दहा मिनिटांचे होतील.

मला वाटलं, वीस मिनिटांनी काय बिघडतं? उन्हातून तेवढीच लवकर सुटका. चिऊकडे पाहिलं तर तिचा चेहरा पडलेला. "मावशी, आम्ही शेवटच्या क्वार्टरलाच मारतो गं." त्यांच्या सरांनी पावसाळाभर पहाटे पांडवलेण्याच्या पायऱ्या चढायला लावलं होतं, ते याचसाठी. समोरच्या मुली हातात सरस, पास देखणे, पण शेवटी दमणार. सेमीफायनलचा गोल आमच्या मुलींनी ५४व्या मिनिटाला केला होता. आता सामना चाळीस मिनिटांचा. ५४वं मिनिटच नव्हतं.

पहिले दोन क्वार्टर समोरच्यांचेच. पेनल्टी कॉर्नरवर एक गोल खाल्ला, चेंडू चिऊच्या उजव्या लेगगार्डला लागून आत गेला. पाहुणे तोवर पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले होते. तिसऱ्यापासून समोरच्या मुली कमरेवर हात ठेवायला लागल्या आणि आमच्या पळायलाच लागल्या. चौथ्यात बरोबरी झाली. मी खुर्चीवर चढून ओरडत होते, काकांच्या शेंगा सांडल्या. आणखी एक हल्ला डीमध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलात, शिरत होता तेवढ्यात शिटी वाजली. १-१.

शूटआउटला २३ मीटरच्या रेषेवरून समोरची मुलगी चेंडू घेऊन निघते, तिच्याकडे आठ सेकंद असतात, आणि गोलकीपर एकटी. चिऊ गोलात थांबलीच नाही, दर वेळी धावत पुढे. दुसरीचा चेंडू तिने आडवं पडून अडवला. चौथीला एवढं बाहेर ढकललं की आठ सेकंद तिथेच संपली. पांढरी नाडी तोवर मातीने लाल झाली होती. पण आमच्याही पाचपैकी तिघींचे हुकले. ३-२.

चिऊ रडली नाही. रिक्षात किटची बॅग मांडीवर घेऊन बसली आणि द्वारकेच्या सिग्नलला एवढंच म्हणाली, "पंधराचा असता ना." मी आयोजकांशी भांडायला हवं होतं. तिथे एक शब्द बोलले नाही, आता इथे लिहितेय.

रात्री ताई किकरची गाठ सोडायला बसली. घामाने आणि मातीने ती दगड झाली होती. शेवटी ती कात्री घेऊन आली, तर चिऊ आतून ओरडली, "आई, कापू नकोस! मंगळवारी प्रॅक्टिस आहे."